पुढे आलेले दात, वाढतं वय आणि चॅपल हिलची चाचणी

कृष्णाकाठ

नऊ-दहा वर्षांच्या मुलांचे आईवडील मला सगळ्यात जास्त वेळा विचारतात ते हे: ‘दात पुढे आलेत, खालचा जबडा मागे आहे. आत्ताच प्लेट बसवली तर जबडा वाढेल आणि पुढे तारा लावायची वेळ येणार नाही, असं आम्हाला सांगितलंय. खरं आहे का?’ मी दंतमहाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्स, म्हणजे वाकडे दात आणि जबडे जागेवर आणण्याचं शास्त्र, शिकवते. ओपीडीच्या गर्दीत या प्रश्नाला न्याय देता येत नाही, म्हणून इथे नीट लिहिते. आणि ज्या माणसाच्या कामामुळे आज याचं उत्तर देता येतं, त्याच्याबद्दलही लिहायचं आहे.

विल्यम प्रॉफिट. अमेरिकेतले ऑर्थोडॉन्टिस्ट. आपल्याकडे ऑर्थोमध्ये एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करणाऱ्या मुलांच्या टेबलावर त्यांचं जाडजूड पाठ्यपुस्तक असतंच; पहिली आवृत्ती १९८६ची. त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात पीएचडी केली होती आणि ती वृत्ती शेवटपर्यंत टिकली: दात हलला म्हणजे नक्की कशामुळे हलला, हे मोजल्याशिवाय बोलायचं नाही. १९७५ ते २००१ या काळात ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, विभागप्रमुख होते. २०१८ मध्ये ते गेले.

त्यांच्यापुढची अडचण समजून घ्या, कारण आजही प्रत्येक दवाखान्यात तीच आहे. मूल वाढत असतं. उपचाराआधी आणि नंतर चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे काढतात, त्याला आम्ही सेफ म्हणतो. व्ह्यू बॉक्सवर (मागून उजेड देणाऱ्या पेटीवर) फिल्म ठेवायची, वर पारदर्शक ट्रेसिंग पेपर चिकटवायचा, टोकदार पेन्सिलीने कवटीचा तळ, नाकाचं मूळ, वरचा जबडा, हनुवटी अशी रेघ काढत यायचं. (आता हे संगणकावर होतं, पण मी विद्यार्थ्यांकडून पहिली काही ट्रेसिंग हातानेच करून घेते. डोळा तयार होतो.) मग दीड वर्षानंतरचं ट्रेसिंग कवटीच्या तळावर जुळवून आधीच्यावर ठेवायचं. नव्या रेघेतली हनुवटी जुन्या रेघेच्या पुढे आणि खाली गेलेली असते. डॉक्टर खूश, आईवडील खूश, प्लेट यशस्वी.

पण नऊ वर्षांच्या मुलाची हनुवटी दीड वर्षात पुढे आणि खाली जाणारच होती. त्यातलं प्लेटचं किती आणि वाढीचं किती? त्या एका मुलाच्या दोन एक्स-रेंवरून हे कधीच सांगता येत नाही.

म्हणून प्रॉफिट आणि त्यांच्या सहकारी कॅमिला टलक, सीब फिलिप्स यांनी जे केलं ते मला आमच्या क्षेत्रातलं सर्वांत धाडसाचं काम वाटतं. वरचे दात खालच्यांच्या पुढे ७ मिलिमीटर किंवा जास्त आहेत (या अंतराला ओव्हरजेट म्हणतात), अशी दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या वयातली मुलं घेतली आणि चिठ्ठी टाकल्यासारखी तीन गटांत वाटली. एका गटाला हेडगिअर (डोक्याला किंवा मानेला पट्टा अडकवून वरच्या दाढा मागे ओढणारं साधन), दुसऱ्याला बायोनेटर ही तोंडात घालायची काढघाल प्लेट, तिसऱ्याला काहीच नाही, फक्त लक्ष ठेवायचं. पंधरा महिने. कोणाला काय द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवायचं नाही, हा यातला सगळ्यात अवघड भाग. ज्याला आयुष्यभर ‘मी बघून सांगतो’ म्हणायची सवय आहे त्याला हे किती जड जात असेल!

१९९७ साली पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष आले. उपचार घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के मुलांत जबड्यांचं नातं सुधारलं होतं. हेडगिअरने वरच्या जबड्याची पुढची वाढ रोखली, बायोनेटरच्या गटात खालच्या जबड्याची लांबी जास्त वाढली. इथवरच थांबले असते तर आज प्रत्येक नऊ वर्षांच्या मुलाच्या तोंडात प्लेट असती.

ते थांबले नाहीत. तिन्ही गटांतल्या मुलांना पुढे कायमचे दात आल्यावर तारा लावून पूर्ण उपचार दिले आणि मग पुन्हा मोजलं. २००४ मध्ये अंतिम निष्कर्ष आले. पहिल्या टप्प्यात दिसलेला जबड्यांचा फरक जवळजवळ नाहीसा झाला होता. दातांच्या चाव्याचा दर्जा सारखाच, तारांचा काळ साधारण तेवढाच. दात काढावे लागण्याचं किंवा पुढे जबड्याची शस्त्रक्रिया लागण्याचं प्रमाणही लवकर उपचार घेतल्याने कमी झालं नाही. सुरुवातीला मिळालेली वाढ ही मजुराने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसारखी होती असं दिसतं. पुढच्या हिशोबात ती वळती झाली.

माझं मत स्पष्ट आहे. दात पुढे असलेल्या सरसकट सगळ्या मुलांना आठव्या-नवव्या वर्षी प्लेट, मग तेराव्या वर्षी तारा, असे दोन टप्पे करायला आधार नाही. अपवाद आहेत, ते प्रश्न आले की लिहीन.

जाईजुई

ताई, अगदी माझ्याच घरातला विषय. लेक नऊ वर्षांची, ओव्हरजेट ८ मिमी सांगितलाय. एका ठिकाणी ‘आत्ता नाही केलं तर उशीर होईल’ म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी ‘बारा वर्षांची झाली की या’. वर्गातली मुलं तिला सशावरून चिडवतात. ती हसताना तोंडावर हात धरायला लागली आहे, ते मला बघवत नाही. थांबले तर तिचं नुकसान होईल का, एवढंच सांगा.

कृष्णाकाठ

जाईजुई, जबड्याच्या वाढीच्या दृष्टीने थांबल्याने नुकसान होत नाही, हे निःशंक सांगते. पण जबडा म्हणजे सगळं मूल नव्हे, आणि तुम्ही लिहिलेली गोष्ट संशोधनातही आली आहे. इंग्लंडमध्ये मॅंचेस्टरचे प्राध्यापक केविन ओब्रायन यांनी आठ ते दहा वर्षांच्या १७४ मुलांवर अशीच चाचणी केली, ट्विन ब्लॉक ही वर-खाली दोन भागांची काढघाल प्लेट वापरून. अर्ध्या मुलांना लगेच, बाकीच्यांना थांबवून. २००३ मध्ये पहिले निष्कर्ष आले, त्यात हाडांतला बदल फारच थोडा होता. पण लगेच उपचार मिळालेल्या मुलांचा आत्मविश्वास वाढलेला होता. पुढे २००९ मध्ये सगळ्यांचे उपचार झाल्यावर पाहिलं तेव्हा आत्मविश्वासाचा फरकही उरला नव्हता, आणि लवकर सुरू केलेल्या मुलांच्या दवाखान्याच्या खेपा नि खर्च मात्र जास्त झाला होता.

कागदावर फरक उरला नाही हे खरं. पण मधली चार वर्षं ते मूल शाळेत काढतं. लेकीला खरोखरच त्रास होत असेल तर तो उपचाराला पुरेसा आधार आहे, असं मी मानते. फक्त कारण तेच सांगा. ‘जबडा वाढवण्यासाठी’ असं तिला किंवा स्वतःला सांगू नका.

दुसरं कारण मार लागण्याचं. पुढे आलेले दात पडल्यावर आधी आपटतात. कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत अशा सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा लवकर उपचारांचा हाच एक ठोस फायदा टिकला: पुढच्या दातांना नव्याने इजा होण्याचं प्रमाण कमी. लेक खेळणारी आहे का? ओठ मिटतात का? आधी कधी दाताला मार लागलाय का? हे तिन्ही प्रश्न तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आकडेमोड

मी संख्याशास्त्रातला, दातांतलं कळत नाही. पण ‘८० टक्के मुलांत सुधारणा’ हा आकडा लोक एकटा वापरत असतील तर ते धोक्याचं आहे. उपचार न घेतलेल्या गटातही काही मुलांत सुधारणा झाली असणार. तो आकडा शेजारी ठेवल्याशिवाय ८०ला अर्थ नाही.

एक शंका. तुलनेसाठी उपचार न झालेल्या मुलांच्या जुन्या नोंदी होत्या ना? मग नव्या मुलांना पंधरा महिने तसंच ठेवायची गरज का पडली?

कृष्णाकाठ

नेमका प्रश्न. नोंदी होत्या, आणि फार मोलाच्या. १९३१ साली क्लीव्हलंडमध्ये हॉली ब्रॉडबेंट यांनी डोकं एका ठरावीक स्थितीत धरून एक्स-रे काढायचं यंत्र लोकांपुढे ठेवलं (जर्मनीत हॉफ्राथ यांनीही त्याच वर्षी). त्यामुळे दर वर्षीचा एक्स-रे आधीच्यावर जुळवता यायला लागला. मग क्लीव्हलंड, मिशिगन, कॅनडातलं बर्लिंग्टन अशा ठिकाणी मुलांचे वर्षानुवर्षं एक्स-रे काढले गेले. किरणोत्सर्गाचा विचार करता आज निरोगी मुलांवर असं कोणी करू देणार नाही, म्हणून त्या जुन्या फिल्म आमच्यासाठी ठेवा आहेत.

पण त्या नोंदींतली मुलं वेगळ्या काळातली, आणि त्यातली बरीचशी सरळ दातांची. दवाखान्यात आलेल्या मुलांशी त्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या वस्त्यांची तुलना. आणखी एक: दवाखान्यातून ‘यशस्वी केसेस’ निवडल्या जातात. मध्येच सोडून गेलेलं मूल त्या यादीत नसतं. प्लेट जेवणाच्या सुट्टीत काढून रुमालात गुंडाळून ठेवणारं आणि तो रुमाल डब्याबरोबर कचऱ्यात टाकणारं मूलही नसतं. चिठ्ठीने गट पाडले की ही सगळी मुलं तिन्ही गटांत सारखी वाटली जातात.

पीजी_रेसिडेंट

मॅडम, मी दुसऱ्या वर्षाला आहे. यात एक भर घालतो, चालेल ना? कोपनहेगनच्या आर्ने ब्यॉर्क यांचं काम. त्यांनी १९५१ पासून मुलांच्या जबड्यांच्या हाडांत बारीक धातूच्या पिना बसवल्या. हाड बाहेरून झिजतं, भरतं, आकार बदलतं, पण आतली पिन जागची हलत नाही. त्यामुळे पिनांवर एक्स-रे जुळवले की हाड आत काय करतंय ते दिसतं.

दिसलं ते थक्क करणारं आहे. चौथ्या वर्षापासून मोठेपणापर्यंत खालचा जबडा आतल्या आत सरासरी १५ अंश पुढच्या बाजूला फिरतो. पण त्याच वेळी खालची कड झिजून-भरून स्वतःला सावरते, म्हणून बाहेरून २ ते ४ अंशच फरक दिसतो. म्हणजे चेहऱ्याची वाढ बरीचशी झाकलेली असते. आधीचा-नंतरचा फोटो बघून ‘प्लेटने जबडा आणला’ म्हणणाऱ्या पोस्टी पाहिल्या की मला ब्यॉर्क आठवतात.

तळकोकण

मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो आणि मॅडमशी थोडा असहमत आहे. ट्विन ब्लॉकने खालचा जबडा पुढे येऊन चेहरा सुधारलेली मुलं मी रोज बघतो. ओव्हरजेट १० वरून ३ वर आलेला स्वतः मोजलाय. अमेरिकेतल्या चाचणीवरून इथे पालकांना ‘प्लेटचा उपयोग नाही’ असा निरोप गेला तर ते मुलं आणायचीच बंद करतील. आमच्याकडे एकदा परत गेलेला पेशंट तीन-चार वर्षं येत नाही. शिमगा, गणपती, मग परीक्षा. बारा वर्षांचा झाला की या म्हटलं तर तो सोळाव्या वर्षी येतो, तेव्हा वाढ संपलेली असते. मुंबई-पुण्यात बसून ‘थांबा’ म्हणणं सोपं आहे.

कृष्णाकाठ

डॉक्टर, तुमचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. प्लेटचा उपयोग नाही असं मी म्हटलेलं नाही, चाचणीतही तसं नाही. ओव्हरजेट कमी होतो, हे सगळ्यांनी मोजलंय. त्यातला मोठा वाटा वरचे दात आत आणि खालचे पुढे झुकण्याचा असतो, हाडाचा कमी. वाद आहे तो कधी द्यायची यावर.

वाढीची उसळी मुलींत साधारण बाराव्या आणि मुलांत चौदाव्या वर्षाच्या आसपास असते, अर्थात मुलामुलात फार फरक पडतो. त्या सुमारास ट्विन ब्लॉक दिला आणि तो संपता संपता तारा लावल्या तर एकाच सलग उपचारात काम होतं. तुम्ही रोज बघता ती मुलं बहुधा याच वयाची असतील. आठव्या वर्षी प्लेट देऊन चार वर्षं मध्ये रिकामी सोडणं, याला माझा विरोध आहे.

परत न येणाऱ्या पेशंटचं तुमचं म्हणणं मात्र खरंच वेगळं आहे आणि त्याला चॅपल हिलच्या आकड्यांत उत्तर नाही. ज्या मुलाला पुन्हा दवाखाना दिसणार नाही, त्याच्यासाठी हातात आहे ते आज करणं हा निर्णय मी चुकीचा म्हणणार नाही. तो तुम्हीच घ्यायचा.

न्यूजर्सीकर

इथे अमेरिकेत सातव्या वर्षी ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा असा सल्ला असतो. आम्हीही मुलाला नेलं आणि लगेच ‘फेज वन’चं, म्हणजे लवकरच्या पहिल्या टप्प्याचं, कोटेशन हातात आलं. बाकी मित्रमैत्रिणींच्या मुलांचंही तेच. तो सल्लाच चुकीचा आहे का?

कृष्णाकाठ

सल्ला योग्य आहे. सातव्या वर्षी दाखवायचं ते तपासण्यासाठी. काही गोष्टी खरंच लवकर कराव्या लागतात: खालचे पुढचे दात वरच्यांच्या बाहेर चावत असतील आणि वरचा जबडा मागे असेल, एका बाजूच्या दाढा उलट्या चावल्यामुळे मूल जबडा तिरका सरकवून मिटत असेल, सुळा वाट चुकून भलतीकडे निघाला असेल. हे वाट बघण्याचे विषय नाहीत. तपासून ‘सध्या काही नको, सहा महिन्यांनी या’ म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याची फी आनंदाने द्या, त्याने तुमच्यासाठी मोठं काम केलंय.

सह्यवाट

इथेच विचारते. दोन शंका आहेत. एक, तारा लावताना चार दात काढायला सांगतात, त्याने चेहरा बसतो म्हणतात. दोन, लेकाला ‘जीभ पुढे ढकलण्याची सवय’ आहे, गिळताना जीभ दातांवर आपटते म्हणून दात पुढे आले असं सांगितलं. शिवाय जीभ टाळूला दाबून धरली की जबडा रुंद होतो, असे व्हिडिओ तो सारखे बघत असतो.

कृष्णाकाठ

दोन्हींवर प्रॉफिट यांचंच काम आहे.

दात काढण्याबद्दल त्यांनी आपल्याच विद्यापीठाच्या क्लिनिकच्या चाळीस वर्षांच्या नोंदी उघडल्या. १९५३ मध्ये ३० टक्के रुग्णांचे दात काढले होते. १९६८ मध्ये ७६ टक्के. १९९३ मध्ये पुन्हा २८ टक्के. त्या चाळीस वर्षांत तिथल्या मुलांचे जबडे बदलले नव्हते. डॉक्टरांचे विचार बदलले होते. आधी वाटायचं, दात काढले की नंतर सरळ राहतील. मग सिॲटलच्या रॉबर्ट लिटल यांनी उपदाढा काढून तारा लावलेल्या ६५ जणांना रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन) बंद केल्यानंतर किमान दहा वर्षांनी तपासलं, तर खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेले ३० टक्केसुद्धा नव्हते. तो विश्वास तिथे ढासळला. (आणि म्हणून रिटेनर हा उपचाराचाच भाग आहे. तारा निघाल्या, काम संपलं, असं होत नाही.) आपल्याकडे ओठ मिटत नाहीत इतके वरखालचे दात दोन्ही पुढे असलेली मुलं बरीच येतात. तिथे दात काढल्याने चेहरा सुधारतो. ओठ आधीच आत असलेल्या मुलाचे काढले तर नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांना विचारायचं ते ‘माझ्या मुलाचे का?’ हे.

जिभेचं. दातावर दिवसातून निदान सहा तासांच्या आसपास सलग दाब राहिला तरच तो हलतो. गिळताना जिभेचा दाब जेमतेम एक सेकंद असतो. माणूस जागेपणी साधारण ८०० वेळा गिळतो, झोपेत तासाला थोडे वेळा. सगळे मिळून हजाराच्या आत. म्हणजे दिवसाला हजार सेकंद, सतरा मिनिटंसुद्धा नाहीत. एवढ्याने दात पुढे येत नाहीत. उलट दात पुढे आणि मध्ये फट असली की गिळताना तोंड बंद करायला जीभ तिथे जाते. जीभ, ओठ, गाल आरामात असताना कुठे टेकतात याला जास्त महत्त्व, कारण तो हलका दाब तासन्‌तास असतो. पण म्हणून जीभ ठरवून दाबून धरली की चेहरा बदलतो, याला पुरावा नाही. लेकाला रागावू नका. त्याला हे गणित स्वतः करून बघायला सांगा. त्या वयाच्या मुलांना ते पटतं, असा माझा अनुभव आहे.

जाता जाता एक सांगायचा मोह होतो. प्रॉफिट यांच्या गटाने उगवणाऱ्या उपदाढेवर सूक्ष्मदर्शक लावलेला व्हिडिओ कॅमेरा रोखून पाहिलं. दात दिवसभर जवळजवळ थांबलेला असतो आणि रात्री आठ ते बारा-एकच्या दरम्यान वर सरकतो. मुलं झोपलेली असताना. मी हे शिकवते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

जाईजुई

ताई, सगळं वाचून काढलं, अहोंनाही वाचायला दिलं. लेक खो-खो खेळते आणि मागच्या वर्षी पडून एका दाताचा टवका उडालेला आहे. ओठही मिटत नाहीत. म्हणजे आमचं लवकर करण्यात बसतं का?

कृष्णाकाठ

बसतं. आधी मार लागलेला, ओठ उघडे, ८ मिमी, खेळणारी आणि चिडवण्याचा त्रास. मी असते तर सुरू केलं असतं. तिला आणि तुम्हाला दोन गोष्टी आधी स्पष्ट असू द्या: बारा-तेराव्या वर्षी तारा लागण्याची शक्यता तशीच राहणार, आणि प्लेट दिवसाचा बराच वेळ घातली तरच उपयोग. पहिले काही दिवस ‘स’ आणि ‘श’ नीट येणार नाहीत, तेव्हा शाळेतल्या बाईंना आधी कल्पना द्या. मैदानावर प्लेट काढून डबीत, आणि तोंडात माउथगार्ड. टवका उडालेल्या दाताचा एक्स-रे काढून तो जिवंत आहे ना ते पाहिल्याशिवाय त्यावर जोर लावू देऊ नका, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

तळकोकण

मॅडम, शेवटच्या वाक्याबद्दल आभार. तो एक्स-रे बऱ्याचदा राहून जातो. माझ्याकडच्या ट्विन ब्लॉकच्या मुलांची वयं या आठवड्यात काढून बघतो आणि इथे टाकतो.